दीड फूट माती

पूर्वी लोक माती नटवून आणायचे. शेतातली सगळ्यात काळी, सगळ्यात मऊ जागा शोधायची. ती बहुतेक वेळा उकिरड्याला लागून असायची. तिथली दोन ओंजळी माती घ्यायची, खडे निवडायचे, चाळायची आणि फोटोआधी पोराचे केस विंचरावेत तशी पिशवी नीटनेटकी करून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवायची. अहवाल फक्कड यायचा आणि शेतात मात्र पीक गुडघ्याच्या वर जायचं नाही. माती तपासणारी बाई सांगून सांगून थकायची, "अहो, मला शेताचं दुखणं बघायचंय, तुमचा थाट नाही." पण पालथ्या घड्यावर पाणी. माती झाली तरी घरची. तिला चारचौघांत नापास कोण होऊ देईल?

मग गावाजवळून मोठा रस्ता गेला आणि सगळं उलटं झालं. रस्त्यालगत गोदामं उभी राहू लागली आणि गोदामांमागोमाग नियम आला: ज्या जमिनीत कस उरलेला नाही तिच्यावरच बांधकाम करता येईल, कसदार जमिनीवर शेतीच करायची. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, नियम करणाऱ्यांचा नेहमी तसाच असतो. पण त्या दिवसापासून लोक माती आजारी करून आणायला लागले. कुणी मुरूम मिसळायचा, कुणी मीठ. एका गृहस्थाने तर सरळ बांधकामावरची वाळू आणून ठेवली आणि वर म्हणाला, "आमच्याकडे हीच आहे." नापास व्हायला रांग लागलेली शाळा मातीबाईने आयुष्यात ही एकच पाहिली.

मातीबाई हे तिचं खरं नाव नव्हे. पण बारा वर्षं लोकांची माती तपासल्यावर माणसाचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहतं? प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नमुने पत्र्याच्या थाळ्यांमध्ये सुकत पडलेले, आतल्या खोलीत काचेच्या नळ्या, आम्लाच्या बाटल्या आणि तराजू. तराजूवर धूळ बसते म्हणून खिडकी खिळे ठोकून बंद केलेली होती. पंखा होता, पण लावायची सोय नव्हती, माती उडायची. थाळ्या जमिनीवर मांडल्या की दार अर्धंच उघडायचं आणि बाईला आडवं होऊन आत शिरावं लागायचं. संध्याकाळी बाहेर पडताना तिच्या भुवयांवरसुद्धा माती असायची, चार-पाच वेगवेगळ्या शेतांची.

अहवालाच्या शेवटी एक रकाना होता: कस कमी असण्याचं कारण. तिथे दोनच उत्तरं चालत, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित. नैसर्गिक लिहिलं की परवानगी मिळायची. मानवनिर्मित लिहिलं तर परवानगी नाही, उलट मालकाने ती जमीन पुन्हा कसात आणायची, आणि ज्याच्या सल्ल्याने ती बिघडली त्याची चौकशी. मातीबाई तिथे डोळे झाकून 'नैसर्गिक' लिहायची. कारण शोधायचं तर शेतावर जावं लागतं आणि शेतावर जायला तिला कार्यालयाने ना गाडी दिली होती ना वेळ. प्रयोगशाळेचे साहेब खाली सही करताना फक्त तारीख बघत. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

त्या सोमवारी रांगेत तिची सासू उभी होती.

सकाळी घरी चहा पिताना म्हातारी काही बोलली नव्हती. आता हातात कापडी पिशवी धरून, चार माणसांच्या मागे, अनोळखी असल्यासारखी उभी होती. मातीबाई टेबलाबाहेर आली. "आई, तुम्ही? मला घरीच द्यायची ना पिशवी."

"मालकाने स्वतः द्यायची असते ना? मालक मीच आहे," म्हातारी म्हणाली. "आणि रांग सोडून पुढे येऊ नको म्हणून तूच लोकांवर ओरडतेस."

मागची माणसं हसली. म्हातारीने नंबर आल्यावर पिशवी ठेवली, अंगठा उठवला, 'सदर माती अर्जातील शेतातलीच आहे' हे वाक्य शिपाईकाकांकडून दोनदा वाचून घेतलं आणि मान डोलावून निघून गेली. शिपाईकाका गेली वीस वर्षं लाकडी मोगरीने ढेकळं फोडत होते. ते पिशवीकडे बघत म्हणाले, "बाई, घरचं कार्य! आता पेढे कधी देणार?" त्यांना सगळं ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं?

शेत सासऱ्यांच्या मागे सासूच्या नावावर आलं होतं. एक एकर, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या तीन बाजूंना गोदामांच्या भिंती चढल्या होत्या आणि चौथ्या बाजूने जाण्यापुरती एक फट उरली होती. मोठ्या भाऊजींनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, अर्ज भरला होता. गोदामवाल्याने जागा मोजूनही नेली होती. भाऊजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणायचे, "शेतात आहे काय? तीन भिंती आणि साप." आणि त्यात खोटं काही नव्हतं. या व्यवहारात धाकट्या भावाला त्यांनी वेगळं घर कबूल केलं होतं, गावाच्या पलीकडच्या अंगाला, दोन खोल्या, पुढे मोकळी जागा. कबूल केलं म्हणजे किल्लीच देऊन टाकली होती. मातीबाईचा नवरा विजेचे मीटर वाचत दारोदार फिरायचा. त्याने ती किल्ली खोलीतल्या खिळ्याला अडकवली आणि रोज बाहेर पडताना तिला बोट लावून जायला लागला.

त्या किल्लीत मातीबाईचाही जीव अडकला होता, हे सांगायला हवं. हे घर बांधल्यापासून ती वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होती. स्वयंपाकघर खाली, जाऊबाईंच्या ताब्यात. डबा घासून ठेवला तरी कुठे ठेवला यावर बोलणं व्हायचं. घराला अंगण नव्हतं, परसू नव्हतं. जागेच्या कडेपर्यंत भिंती नेल्या होत्या, शेजारच्या भिंतीला भिडवून. तिच्या खोलीची खिडकी उघडायची, पण समोर हातभर अंतरावर शेजारच्यांची भिंत. तिथून उजेड येत नसे, फोडणीचा वास तेवढा यायचा. प्रयोगशाळेतली खिडकी खिळ्यांनी बंद, घरातली भिंतीने. नव्या घराची खिडकी तिने एकदाच जाऊन पाहिली होती. तिच्यासमोर काहीही नव्हतं.

आणि ह्या घराच्या भिंती कशाच्या होत्या? त्या शेताच्याच. अकरा वर्षांपूर्वी वीटभट्टीवाला आला होता. तो म्हणाला, शेताचा वरचा दीड फूट थर मला द्या, त्याच्या विटा पाडतो, घराला लागतील तेवढ्या तुम्हाला देतो. तेव्हा सासरे होते आणि घर पडकं होतं. सासूने हात जोडून नको म्हटलं. "वरची मातीच काढली तर खाली काय पेरायचं?" सासरे अडले. मग सगळ्यांनी वळून नव्या सुनेकडे पाहिलं. तिला प्रयोगशाळेत लागून पुरते सहा महिने झाले नव्हते. घरात तिला अजून कुणी काही विचारत नसे, भाजीत मीठ किती तेसुद्धा नाही. आणि आज सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिला फार बरं वाटलं. ती म्हणाली, "काही होत नाही. तीन वर्षं खत घातलं की भरून निघतं." कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. भट्टीवाल्याला कागद हवा होता, तर तिने प्रयोगशाळेच्या कागदावर तेच लिहून, शिक्का मारून, चिठ्ठीही दिली. त्या दिवसापासून सासरे तिला 'आमची शिकलेली' म्हणायला लागले. माती गेली, विटा आल्या. तीन वर्षं पेरून बघितलं, उगवलेलं पिवळं पडायचं. चौथ्या वर्षी पेरणं बंद झालं आणि कुणी त्या चिठ्ठीचा विषय काढला नाही. घरातली माणसं चांगली होती. त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही, ते जरा अवघडच होतं.

मंगळवारी नमुना सुकला. बुधवारी शिपाईकाकांनी कुटला आणि तिने चाळणीवर ओतला. माती काळी होती, हाताला मऊ लागत होती, आणि तिला वास होता. शेतातल्या मातीला असा वास येणं तिने कित्येक महिन्यांत अनुभवलं नव्हतं. चाळणीवर जे उरलं त्यात अंड्याच्या कवचाचे तुकडे होते, चहाचा चोथा होता आणि एक हिरवं बटण होतं.

बटण तिच्या स्वेटरचं होतं. मागच्या थंडीत हरवलेलं. ते स्वयंपाकघरात तुटलं होतं, केरात गेलं होतं.

तिने बटण मुठीत धरलं आणि पुढचं काम तसंच करत राहिली. चाचणी सोपी आहे. मातीत नारिंगी द्रावण घालायचं, मग आम्ल. मातीत जीव नसेल, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश नसेल, तर नळी नारिंगीच राहते. अंश असेल तर हिरवी होत जाते. ही नळी गडद हिरवी झाली. एवढी हिरवी नळी तिने नोकरीच्या पहिल्या वर्षी पाहिली होती.

"बाई, ही कुणाची?" शिपाईकाका डोकावून म्हणाले.

"घरची," ती म्हणाली.

तिला वाटलं, समजलं. म्हातारीने भाऊजींनी भरलेली पिशवी कुठेतरी उलटी केली आणि घरचा केर कालवून दुसरीच माती आणून दिली. शेत वाचवायला. सुनेच्या टेबलावर, सुनेच्या भरवशावर. मातीबाईला राग आला, आणि रागाच्या आत भीती होती. हा आकडा अहवालात लिहिला तर खोटा नमुना पास केल्याचं पाप तिचं. लिहिला नाही तर सासूला लबाड ठरवणंही तिच्याच हातून. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

जेवताना भाऊजींनी विचारलं, "झाला का रिपोर्ट?"

"चालू आहे."

"त्यात चालू काय असतं? तिथे धोंडेसुद्धा जगत नाहीत."

म्हातारी भाकरीचा कडक काठ पाण्यात बुडवून मऊ करत होती. तिने वर पाहिलं नाही. जेवण झाल्यावर तिने सगळ्यांच्या ताटातलं खरकटं, भाजीची देठं आणि चहाचा चोथा गोळा करून निळ्या बादलीत टाकलं आणि वर झाकण ठेवलं. ती रोजच ठेवायची. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती बादली घेऊन फिरायला जायची आणि रिकामी परत आणायची. कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकते, असं सगळे धरून चालले होते. ती पेटी घरापासून वीस पावलांवर होती आणि म्हातारीला यायला पाऊण तास लागायचा. अकरा वर्षांत हा हिशेब घरातल्या कुणी केला नव्हता.

गुरुवारी सकाळी मातीबाई तिच्या मागे गेली.

म्हातारी कचरापेटीशी थांबली नाही. गल्ली संपली, मग गोदामांच्या मागची अरुंद वाट. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच भिंती, मध्ये एका माणसापुरती जागा, पायाखाली काचा आणि प्लास्टिक. म्हातारी बादली कधी या हाती, कधी त्या हाती घेत चालत होती. भिंतीपलीकडून ट्रकच्या मागे येण्याचा आवाज यायचा तेव्हा ती अंग चोरून उभी राहायची. मग फटीतून आत गेली.

मातीबाईने ते शेत सहा-सात वर्षांत पाहिलं नव्हतं. तीन भिंतींमध्ये पांढरट, तडकलेली जमीन पसरली होती, आजूबाजूच्या जागेपेक्षा दीड फूट खोल. वरून पाणी आलं की तिथे साचत असणार, जायला वाटच नव्हती. चालताना पायाखाली भांड्यासारखा आवाज येत होता. गवतसुद्धा वाळक्या झुबक्यांनी कुठेकुठे उगवलं होतं. रोज टेबलावर आकडा लिहायचा आणि 'नैसर्गिक' म्हणायचं, ते हे होतं.

लांबच्या कोपऱ्यात काळं काहीतरी होतं. चार पावलं लांब, चार पावलं रुंद. कडेने विटांचे तुकडे मांडलेले. म्हातारी तिथे बसून खुरप्याने खड्डा करत होती. बादली त्यात उलटी केली, वर माती ओढली, हाताने थापली.

"आई."

म्हातारी दचकली नाही. "आलीस? जरा सांभाळून ये. तिकडे पाय घसरतो, ती जागा अजून झाली नाही."

मातीबाई काठाशी उभी राहिली. काळ्या मातीत गांडुळं होती, दोन-तीन कोवळी रोपं होती, बहुतेक केरातल्या बियांची. "मला वाटलं, तुम्ही पिशवीत केर कालवलात."

"मी कशाला कालवू? थोरल्याची पिशवी ठेवली बाजूला, ही भरली. शेतातलीच आहे. अंगठा उठवलाय मी."

"पण ही एवढीशीच जागा, आई."

"बादली एकच आहे ना गं."

"कधीपासून करताय?"

"तू चिठ्ठी लिहून दिलीस तेव्हापासून." म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "तीन वर्षं खत घातलं की भरून निघेल म्हणालीस ना? तीन वर्षांनी बघितलं, नाही निघालं. म्हटलं, आपलंच कुठेतरी कमी पडतंय. म्हणून थांबले नाही. आता बघ, एवढं निघालंय."

"मला का नाही विचारलंत? एकदा तरी?"

"काय विचारायचं? तू शिकलेली. तुझं कसं चुकेल?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर असतं. म्हातारीच्या चेहऱ्यावर खरोखरच दुसरं काही नव्हतं. मातीबाई तिथेच काठावर बसली. अकरा वर्षं. रोज एक बादली. आपण तोंडातून सोडलेल्या एका वाक्यापायी.

शितावरून भाताची परीक्षा हा तिचा धंदा. पण शीत कुठून उचलायचं याचाही नियम आहे. उकिरडा, बांध, झाडाची सावली, खत पडलेली जागा वगळायची. बाकी शेतात नागमोडी चालत बारा ठिकाणी खड्डे घ्यायचे, माती एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत पिशवीभर उरली की तो शेताचा खरा नमुना. तिने दुपारी शिपाईकाकांना बरोबर घेऊन तसाच नमुना काढला. बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने. काळा कोपरा वगळला. संबंध शेतात जिवंत जागा तेवढी एकच होती आणि नियमाने तीच मोजायची नव्हती.

शुक्रवारी नळी नारिंगीच राहिली. तिने दहा मिनिटं जास्त वाट पाहिली, नियमात बसत नसतानाही. नारिंगीच.

म्हणजे भाऊजींचं खरं होतं. आणि मातीबाईचं काम आता अगदी सोपं झालं होतं. खरा आकडा लिहायचा, कारणाच्या रकान्यात रोजचाच शब्द लिहायचा, आणि सुंठीवाचून खोकला जाणार होता. कुणाला फसवलं असं झालं नसतं. किल्ली खिळ्यावरून निघाली असती. दोन खोल्या, उघडणारी खिडकी, स्वतःचा डबा स्वतःच्या फळीवर. म्हातारी चार दिवस गप्प राहिली असती, मग सवय झाली असती. पेन रकान्यावर टेकवून ती बसली होती. खिळे ठोकलेल्या खिडकीच्या फटीतून उजेडाची एक पट्टी कागदावर पडली होती. तिला श्वास घ्यायला जड जात होतं. आम्लामुळे असेल असं तिने स्वतःला सांगितलं, आणि बाटलीचं बूच तपासलं. बूच घट्ट होतं.

दुसरा शब्द लिहिला तर? तर ती चिठ्ठी निघणार. चिठ्ठीची प्रत मागच्या कपाटात होती, तिला फाइलसुद्धा माहीत होती. इतकी वर्षं ती त्या कपाटाच्या खालच्या खणाला हात लावत नव्हती.

तिने उठून खण उघडला. आपलंच अक्षर, किती गोल आणि खुशीत. तिने प्रत अहवालाला टाचली आणि रकान्यात लिहिलं: मानवनिर्मित. वरचा दीड फूट थर विटांसाठी काढला. सल्ला देणारी, खाली सही करणारी तीच.

साहेबांनी त्या दिवशी तारखेशिवायही काहीतरी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. "हे काय आहे?"

"कारण आहे, साहेब."

"मला दिसतंय. अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही, पुढच्या अकरात विचारणार नाही. ही ओळ खोडा. मी काही पाहिलं नाही."

"खोडता येणार नाही."

"का?"

तिला खूप काही सांगता आलं असतं. "तिथे एक बाई रोज बादली नेते," एवढंच ती म्हणाली. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी सही केली, पण पेन अशा रीतीने खाली ठेवलं की तिला कळलं, आता आपल्याला इथे फार दिवस नाहीत. सोमवारी कागद आला: चौकशी होईपर्यंत घरी राहावे.

घरी राहावे! कागद लिहिणाऱ्याला काय ठाऊक, तो कुठे पाठवतोय ते. भाऊजींनी आरडाओरडा केला असता तर ती भांडली असती. त्यांनी फक्त विचारलं, "आम्ही तुझं काय वाईट केलं होतं?" आणि त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. जाऊबाईंनी तिचा डबा फळीवरून काढून जमिनीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने खिळ्यावरची किल्ली काढली आणि खाली भाऊजींच्या हातात नेऊन दिली. परत वर आला तेव्हा म्हणाला, "एकदा विचारायचंस तरी." तिने मान हलवली. विचारलं असतं तर हातून झालंच नसतं, हे त्यालाही ठाऊक असावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारं कुणी नाही.

दिवसभर ती त्या खोलीत बसून राहायची. चौथ्या दिवशी भिंतीचा पोपडा निघाला होता तिथे तिने नख लावलं. आतून विटेचा लाल भुगा पडला. तिने तो तळहातावर घेऊन चोळून पाहिला, सवयीने. भाजलेल्या मातीची पुन्हा माती होत नाही. एवढं तरी तिला नक्की माहीत होतं.

पाचव्या दिवशी उजाडताना तिला बादलीची कडी वाजलेली ऐकू आली. ती उठून खाली गेली. म्हातारी दारात चपला घालत होती. सुनेला बघून तिने बादली खाली ठेवली.

"शेत राहिलं म्हणे," ती हळूच म्हणाली.

"राहिलं. पण ते पुन्हा कसात आणायचं, असा हुकूम आहे. आपणच."

"मग ते काय, चालूच आहे." म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "आता मात्र नीट हिशेब करून सांग. मागच्यासारखं नको. किती वर्षं लागतील?"

मातीबाईला कळलं, की आपला सल्ला चुकला हे म्हातारीला तेव्हाच कळलं होतं. तीन वर्षांनी, चौथ्या वर्षी, कधीतरी. तिने या वेळी जीभ आवरली. अख्खा एकर, चार पावलांचे तुकडे, असे तीनशे-चारशे तरी. गाड्यांनी शेणखत टाकलं तर वेगळं, पण गाडी त्या फटीतून शिरत नव्हती. बादली शिरत होती.

"आयुष्य पुरणार नाही, आई," ती म्हणाली.

"माझं नाहीच पुरणार, ते मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "मी तुझं विचारतेय."

तिने बादली पायाने सुनेकडे सरकवली आणि दार उघडून धरलं.